चौदा जबड्यांचा अ‍ॅम्प्लिफायर

“अरे, हात आवर. आधी दम धर, त्याला जागं होऊ दे. टक् वाजलं, की मग आवाज. तोही बेतानं.”

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. तरी महिन्याच्या पहिल्या रविवारी अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणाला बोट लागलं रे लागलं, की थोरल्याच्या कानात हा आवाज उमटायचा. बाबा टेलिफोन खात्यात होते. जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, म्हणूनच की काय, स्वतःचं बोलणं त्यांनी मोजकं ठेवलं होतं. बटण दाबायचं, काचेमागचा पिवळा दिवा लागायचा, आणि मग चार-पाच श्वासांची वाट. आतून कुणी कडी काढावी तसं टक् वाजायचं, आणि खोली गाण्यानं भरून जायची.

जाताना बाबांनी वाटणी केली तीही मोठी खुबीची. अ‍ॅम्प्लिफायर थोरल्याला. तबकड्या आणि रेकॉर्ड प्लेअर मधलीला. दोन्ही स्पीकर धाकट्याला. एकट्यानं ऐकू म्हटलं, तर तिघांपैकी कुणालाच काही ऐकू यायचं नाही. मग महिन्यातून एकदा मधली दोन बस बदलून, प्लेअर मांडीवर घेऊन परगावाहून यायची. धाकटा गाडीच्या मागच्या सीटवर स्पीकरना पट्टे बांधून आणायचा. थोरल्याच्या पुढच्या खोलीत तिघांच्या तीन वस्तू वायरींनी एकमेकींना जोडल्या जायच्या आणि तिघं भावंडं दुपारपर्यंत एका छपराखाली बसायची. एरवी कुणी कुणाला फोनसुद्धा करत नसे.

थोरला बटण दाबायचा. बाबांचा आवाज ऐकायचा. आणि मग भावंडांकडे पाठ करून, जीभ टाळूला लावून, स्वतःच्या तोंडानं “टक्” करायचा.

गेली सहा वर्षं टक् करणारा तोच होता.

त्याचं असं झालं होतं. थोरला कवळ्या बनवायचा. घराच्या मागच्या खोलीत त्याची लॅब होती. प्लॅस्टर कालवायच्या रबरी वाट्या, गुलाबी मेणाच्या चकत्या, बर्नर, आणि भिंतीवरच्या फळ्यांवर गिऱ्हाइकांचे प्लॅस्टरचे जबडे, ओळीनं, शाळेच्या ग्रुप फोटोसारखे. बाबा गेले त्या महिन्यात थोरला आणि त्याची बायको एका लग्नाला गेले, परत आले, थोरल्यानं अ‍ॅम्प्लिफायर लावून पाहिला, तर तो गप्प. दिवा लागेना, काही नाही. धूळ बसली असेल, त्याला वाटलं. बाबांचे दोस्त रेडिओकाका असली यंत्रं दुरुस्त करायचे, पण ते तेव्हा मुलीकडे गेले होते. आणि थोरल्याच्या लॅबमध्ये एक यंत्र होतं. त्यातल्या निळ्या पाण्यात वीस वर्षांची कळकट कवळी टाकली, तरी ती थरथरत थरथरत दहा मिनिटांत मोत्यासारखी होऊन निघायची. मग थोरल्याच्या मनात जे आलं ते दुसऱ्या कुणाच्याही मनात आलं नसतं. त्यानं वायरी तोडल्या, अ‍ॅम्प्लिफायरची आतली सर्किटची पाटी बाहेर काढली आणि कवळ्यांच्या पाण्यात सोडली.

पाटी वरून लखलखीत निघाली. पण परत बसवल्यावर अ‍ॅम्प्लिफायर हूं नाही की चूं नाही.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथं आपल्याला कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी, एका इलेक्ट्रिशियननं आतलं सगळं काढून तळहाताएवढं एक तयार सर्किट बसवून दिलं. ते छान वाजायचं. पण एवढा थोरला पेटारा आत रिकामा आणि पिसासारखा हलका झाला, आणि मधली तर दर महिन्याला खालचं कापड बदलायला तो स्वतः उचलायची. तेव्हा थोरल्यानं फळीच्या मागच्या ओळीतले जुने जबडे घाईघाईनं उचलले आणि गुलाबी मेणानं आत चिकटवून टाकले. चौदा जबडे बसले. वजन बरोबर झालं.

“नव्या मशीनला ही ऊब येत नाही,” मधली डोळे मिटून म्हणायची. “बाबांचा आवाज आहे हा.”

“तरी पण नवीन घेऊ,” धाकटा दारापाशी बसून म्हणायचा. “मी देतो पैसे.”

“बाबांची वस्तू आहे!” थोरला गरजायचा. “सर्व्हिस करीन हवी तर. बदलणार नाही.”

हे भांडण दर महिन्याला व्हायचं आणि त्यात थोरला नेहमी जिंकायचा. चोरानंच पहारा द्यावा तसा तो त्या पेटाऱ्यापाशी उभा राहायचा.

यंदाचा उन्हाळा कडक गेला. त्या रविवारी तबकडी लागली, गाणारीचा आवाज वर होता तोवर सगळं ठीक होतं. मग खालून मोठा ढोल आला, शेल्फ थरथरलं, आणि अ‍ॅम्प्लिफायरमधून आवाज आला, कडकडकड, थंडीनं कुणाचे तरी दात वाजावेत तसा. थोरल्यानं ओळखलं. तो दात वाजल्यासारखा आवाज नव्हता. दातच वाजत होते. मेण सुटलं होतं.

“हे काय?” मधलीनं डोळे उघडले.

“संपला,” धाकटा म्हणाला. “किती वर्षं सांगतोय. नवीन घेऊ.”

“नवीन कशाला? बाबांची वस्तू आहे. सर्व्हिस…” सवयीनं थोरल्याच्या तोंडून निघालं, आणि त्याच शब्दावर जीभ थिजली. सर्व्हिस म्हणजे झाकण निघणार. “…सर्व्हिस तरी किती करायची? बरोबर आहे तुझं. नवीनच घेऊ.”

मधलीनं उठून सुई उचलली.

“काय म्हणालास?”

“नवीन घेऊ म्हणालो.”

“आजच घेऊ!” धाकटा उडी मारून उठला. “दुकानं उघडी आहेत. आणि हा जुना मी नेतो. गाडी खालीच आहे. भंगारात मीच टाकतो.”

“तू कशाला? मी टाकतो.”

“दादा, पाठ दुखते तुझी.”

“पाठ चांगली आहे माझी!”

मधली तीस वर्षं शाळेत शिकवत होती, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये तिचं नाव ऐकून भली भली पोरं घाम पुसायची. दोन बाकांवर सारखंच उत्तर दिसलं, की तिच्या मानेवर काटा यायचा. आत्ता तसाच आला.

“सहा वर्षं या पेटाऱ्यावरून एकमेकांच्या उरावर बसलात,” ती सावकाश म्हणाली. “आणि आज एका मिनिटात एकमत?”

“माणूस बदलतो,” थोरला म्हणाला.

“तू गेल्या वर्षी चपलासुद्धा बदलल्या नाहीस.” तिनं फोन काढला. “रेडिओकाकांना बोलावते. ते उघडतील, बघतील, सांगतील. सर्व्हिस की नवीन, शब्द त्यांचा.”

काका चार वाजता येतो म्हणाले. तेव्हा वाजले होते दीड.

मधलीनं अ‍ॅम्प्लिफायरसमोर खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि शब्दकोडं मांडीवर घेऊन बसली. थोरल्याला फक्त दहा मिनिटं हवी होती. सहा स्क्रू, एक जबडा, जरा गरम मेण. पण ती दहा मिनिटं कुठून आणायची? त्याची बायको नर्स, ती ड्युटीवर. घरात मदतीला कुणी नाही आणि सांगण्यासारखं तर मुळीच कुणी नाही.

“अगं, तुझा फोन वाजतोय आत,” सव्वादोनला तो म्हणाला.

“फोन माझ्या हातात आहे, दादा.”

“दमली असशील. दोन बस बदलून आलीस. जरा आडवी हो.”

“मी पेपर चालू असताना आडवी होत नाही.”

धाकट्याचीही तगमग चालली होती. तो गॅलरीत जायचा, गाडी बघायचा, परत यायचा, चावी या हातातून त्या हातात घ्यायचा. नवं मशीन घ्यायची केवढी घाई याला, थोरल्याच्या मनात आलं. बरं झालं. आज एवढा एकच माझ्या बाजूचा आहे.

तीन वाजून वीस मिनिटांनी मधली उठली. “चहा टाकते. कुणी हात लावायचा नाही.”

स्वयंपाकघरात पातेलं वाजलं, तसा थोरला लॅबमधला स्क्रू ड्रायव्हर घेऊन झेपावला. पहिला स्क्रू निघाला, खिशात. दुसरा निघाला, खिशात. तिसरा जागचा हलेना. कपाळावरून घामाचा थेंब निघाला आणि नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला.

“काय करतोयस?” मागून धाकटा कुजबुजला.

“धूळ पुसतोय.”

“स्क्रू ड्रायव्हरनं?”

“फटीतली.”

“सोड रे. नेऊनच टाकू. ती यायच्या आत. तू तिकडून धर.”

थोरल्याला हे पटलं. जिन्यात आपण म्हणू की पाठ धरली, याला मेणबत्ती आणायला वर पाठवू, का मेणबत्ती ते मग बघू. दोघांनी दोन बाजूंनी पेटारा उचलला. पण दोघंही आपापल्या दिशेला ओढायला लागले, एक लॅबकडे, एक जिन्याकडे. पेटारा कलला आणि आतून गोट्यांची पिशवी फुटावी तसा आवाज झाला. थोरल्याचा चेहरा पांढरा पडला. त्यानं धाकट्याकडे पाहिलं तर तोही पांढरा. याला काय झालं, हे विचारायला वेळ मिळाला नाही.

“ठेवा खाली.”

दारात मधली उभी होती. हातात चहाची गाळणी.

“खाली ठेवा. आणि दोघंही मागे सरका. हात दिसू देत.”

दोघं पन्नाशीचे भाऊ हात पुढे धरून भिंतीला टेकले. त्याच वेळी बेल वाजली. रेडिओकाका अर्धा तास आधीच आले होते.

काका ऐंशीच्या घरातले. त्यांची कवळी थोरल्यानंच बनवलेली, म्हणून थोरल्याकडे बघून ते नेहमी जरा जास्तच हसायचे. आजही हसले. मग भिंग काढलं, अ‍ॅम्प्लिफायरभोवती एक फेरी मारली.

“दोन स्क्रू कुठं गेले?”

“जुनं झालंय ना, काका,” थोरला वाकून म्हणाला, आणि त्याच्या खिशातून दोन्ही स्क्रू टण् टण् करत फरशीवर पडले.

मधलीनं ते उचलून काकांच्या हातावर ठेवले. काकांनी उरलेले चार काढले, झाकण उचललं आणि तसंच हवेत धरून ठेवलं.

आतून चौदा जबडे वर बघत होते. काही साफ बोळके, काही विरळ दातांचे, काही उताणे पडलेले, बाकीचे गुलाबी मेणात रुतून बसलेले. आणि त्या सगळ्या जमावाच्या मधोमध, सभेत एकट्यानंच भाषण करावं तसं, तळहाताएवढं सर्किट.

“पोरी,” काका म्हणाले, “मी पन्नास वर्षं झाकणं उघडतोय. आत उंदीर पाहिलाय. पालीची अंडी पाहिलीत. एकदा विंचू निघाला. पण दात आलेला अ‍ॅम्प्लिफायर हा पहिलाच.”

त्यांनी भिंग आणखी आत नेलं.

“आणि यात रिले दिसत नाही. रिले नाही, तर टक् कुठून व्हायचं?”

थोरल्यानं मान खाली घातली. “टक्,” तो म्हणाला.

“परत कर.”

“टक्.”

“हुबेहूब आहे,” काका नाइलाजानं म्हणाले.

मग थोरल्यानं सगळं सांगितलं. निळं पाणी, दुसऱ्या टोकाचा इलेक्ट्रिशियन, वजन, मेण. सांगताना त्याची नजर जमिनीवरच्या एका फरशीवर खिळली होती. धाकटा दारापाशी पुतळा झाला होता. मधलीचा चेहरा मात्र हळूहळू बंद होत गेला, संध्याकाळी दुकानाच्या फळ्या एकेक लावाव्यात तसा.

“मी ते ओझं मांडीवर घेऊन यायचे,” ती म्हणाली. “गुडघे भरून यायचे. इथं डोळे मिटून बसायचे आणि म्हणायचे, बाबांचा आवाज. आणि तू तिकडं तोंड करून…”

“तुम्ही यायचं थांबाल, असं वाटलं,” थोरला म्हणाला. “हा पेटारा गेला असं सांगितलं असतं, तर आपण तिघं एका खोलीत कशाला आलो असतो? सांग ना. मागच्या सहा वर्षांत एकदा तरी आपण असेच आलोय?”

“ते ठरवायचं आमचं आम्ही ठरवलं असतं, दादा. तू आम्हाला विचारलंच नाहीस.”

तिनं रेकॉर्ड प्लेअरची वायर काढली आणि हाताभोवती गुंडाळायला लागली. एक वेढा, दुसरा वेढा. थोरला बघत राहिला. ती वायर पिशवीत गेली, की पुढचा पहिला रविवार येणार नाही, हे त्याला लख्ख दिसत होतं. आणि थांब म्हणायला तोंड उरलं नव्हतं.

काकांचं दुसरंच चाललं होतं. त्यांनी कोपऱ्यातला एक बोळका जबडा उपटून उजेडात धरला, तोंडातल्या तोंडात जीभ फिरवली.

“हा माझा आहे.”

“काहीतरीच काय, काका,” थोरला पुटपुटला.

“डाव्या अंगाचा हा खळगा बघ. कवळी काढली, की जीभ तिथंच जाऊन बसते माझी. माझा खळगा मी ओळखणार नाही?” त्यांनी तळाचा नंबर भिंगातून वाचला आणि थोरल्याकडे रोखून पाहिलं. “म्हणजे सहा वर्षं मी तुमच्या गाण्याला हजर होतो. आणि एकदा कपभर चहा विचारला नाहीत.”

मधलीचा हात वेढ्यावर थांबला. ओठाचा एक कोपरा हलला, पण तिनं तो आवरला.

“आणि वाजत होता तो हा बघ. मोकळा सुटलाय,” काका म्हणाले. “धर गं जरा, माझे हात भरलेत.”

तिनं न बघताच तो हातात घेतला. बाजूला ठेवणार, एवढ्यात तिचा अंगठा पुढच्या दातांवरून गेला. दोन दात, एकावर एक किंचित चढलेले. उजव्याचा कोपरा उडालेला. ती थांबली. अंगठा परत फिरवला. वायरीचं वरचं साल दातानं सोलायची एका माणसाला जन्मभर सवय होती. रोज आई ओरडायची, दात जातील, आणि एक दिवस खरंच एका दाताचा कोपरा गेला होता.

तिनं जबडा उलटा केला. इतर सगळ्यांच्या तळाला नंबर होते. याच्या तळाला पेन्सिलनं, थोरल्याच्या अक्षरात, एकच शब्द होता. बाबा.

“मी…” थोरला एक पाऊल पुढे आला. “मागच्या ओळीतून उचलले होते गं. धुळीनं माखले होते सगळे. मी बघितलंच नाही. आईशप्पथ, मी बघितलंच नाही.”

मधली खुर्चीवर बसली. जबडा तिनं दोन्ही हातांत, पाखरू धरावं तसा धरला होता. बाहेर रस्त्यावर कुणीतरी मोटरसायकल चालू करत होतं, ती चालू होत नव्हती.

“म्हणजे होते,” ती म्हणाली. “इथंच होते.”

मग तिनं डोळे पुसले, चष्मा लावला, आणि आवाजात पुन्हा शाळा आली. “काका, हा जबडा आत राहणार. त्यावर चर्चा नाही. आता बाकीचं बोला. सर्व्हिस की नवीन?”

“सर्व्हिस कशाची करू? दातांची?” काका म्हणाले. “जुनं आतलं सामान टाकलंस ना रे?”

टाकलं नव्हतं. टाकायला हात धजावला नव्हता. थोरला लॅबमध्ये गेला आणि खालच्या खणातून टॉवेलमध्ये गुंडाळलेलं एक जड गाठोडं घेऊन आला. काकांनी पाटी गुडघ्यावर ठेवली. भिंग जवळ नेलं, लांब नेलं, पाटी उलटी केली, वास घेतला.

“हे तू नुसतं धुतलंस?”

“दहा मिनिटं. कोमट पाण्यात.”

“पाण्यानं तांबं हिरवं पडतं. इथं बघ, तांबं उचललंय. फुगलंय. पाटी खालून आतपर्यंत काळी आहे, तुझं पाणी तिथवर पोचलेलंच नाही.” काकांनी मान वर केली. “हे जळलंय, पोरा. तू धुवायच्या आधी. तू धुतलंस ते मढं.”

थोरल्यानं पाटी काकांच्या गुडघ्यावरून ओढून घेतली. सहा वर्षं उरावर घेतलेलं ओझं कुणी उचललं, तर माणसाला हलकं वाटावं. त्याला नुसतं गरगरलं. “पण जळेल कसं? लावला कुणी? आम्ही तर लग्नाला गेलो होतो. घर बंद होतं.”

“चावी कुणाकडे होती?” मधलीनं विचारलं. तिनं कुणाकडेही पाहिलं नाही. हॉलमध्ये ती असंच विचारायची, आणि मग थांबायची.

मोटरसायकल चालू झाली आणि निघून गेली. दारापाशी उभ्या असलेल्या धाकट्यानं गाडीची किल्ली खिशात ठेवली, परत काढली, परत ठेवली.

“झाडांना पाणी घालायला दिली होती,” तो म्हणाला. “मित्राचे मोठे स्पीकर आणले होते मी, फोनवरनं गाणं लावलं. बाबांच्या मशीनवर कसे वाजतात, एकदाच ऐकायचं होतं. मागं वायरी एकमेकींना लागल्या. धूर जाईपर्यंत तीन तास पंखा लावून बसलो. पहिल्या रविवारी आलो ते सांगायलाच आलो होतो, दादा. तुझ्या बायकोच्या देखत, ताईच्या देखत, सगळं पाठ करून आलो होतो. तू बटण दाबलंस. आणि तो वाजला.”

त्यानं उघड्या पेटाऱ्याकडे बोट केलं.

“मी माझ्या हातानं जाळलेला अ‍ॅम्प्लिफायर वाजत होता. सहा वर्षं दर महिन्याला वाजतोय, आणि मी दर महिन्याला दारापाशी बसतोय, आज पेट घेईल, आज पेट घेईल म्हणून. मीच जाळला होता तो. पण वाजतोय म्हटल्यावर कुणाला काय सांगणार?”

बाबांचा जबडा पेटाऱ्यात ठेवून मधलीनं हातावरची वायर उलगडली आणि प्लेअर पुन्हा जोडला.